निळी पोटरी

लग्नाआधी मी औरंगाबादला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ, मिक्सरचं हँडल, पाण्याच्या जगचा कान, असल्या वस्तूंचे आकार कॉम्प्युटरवर तयार करायचे आणि त्यावरून लोखंडात साचा कोरला जायचा. लग्न होऊन बुलढाण्याला आले तेव्हा काम सुटेल असं वाटलं होतं. पण मालकांनी जुना कॉम्प्युटर गाद्यांमध्ये गुंडाळून एसटीच्या टपावर चढवून दिला आणि घरूनच काम करा म्हणाले. तेव्हा इंटरनेट आमच्यापर्यंत नीट आलेलं नव्हतं. काम झालं की सीडी पाकिटात घालायची आणि औरंगाबादच्या बसच्या कंडक्टरकडे सोपवायची. शेजारच्या बाई खिडकीतून मला स्क्रीनसमोर बसलेली पाहायच्या आणि सासूबाईंना विचारायच्या, "तुमची सून दिवसभर टीव्हीच पाह्यते काय?"

त्या टीव्हीत मी जे करत होते ते समजावणं सोपं नव्हतं. वस्तूला जाडी नंतर येते. आधी असतो तो नुसता वरचा पापुद्रा. आम्ही त्याला सरफेस म्हणायचो. कागदाहून पातळ, वजन नसलेला, वळवावा तसा वळणारा. तो नीट झाला तर वस्तू हातात घ्यावीशी वाटते. नाही झाला तर कुठे चुकलंय ते लोकांना सांगता येत नाही, पण ते ती वस्तू परत ठेवून देतात. माझा बहुतेक वेळ सरफेस नव्याने करण्यात नाही, झालेला दुरुस्त करण्यात जायचा.

माझं माहेर राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला. घरी भाजीपाला. वांगी, मिरची, हिवाळ्यात कोबी, आणि उरलेल्या वावरात कापूस नाहीतर सोयाबीन. वडील लवकर गेले, म्हणून शेत माय आणि माझा धाकटा भाऊ पाहायचे. भाऊ सायकलीला दोन्ही बाजूंनी टोपले बांधून बाजाराला जायचा. चढावर सगळे उतरून सायकल ढकलायचे, हा उतरत नसे. त्याच्या पोटऱ्या त्या चढानेच घडवल्या होत्या. हाफ पॅंट घालून तो वाफ्यात उभा राहिला की माय म्हणायची, "पाय नाई, उखळातले मुसळं हायेत."

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सोयाबीनच्या दिवसांत शेजारच्या वावरात मळणीयंत्र आलं होतं. आमचं थोडंसंच होतं, तेही तिथेच काढून घ्यायचं ठरलं. भाऊ वर चढून यंत्राच्या तोंडात काड लोटत होता. फळी ओली होती की काड घसरलं, हे त्याला आजही सांगता येत नाही. डावा पाय गुडघ्याखाली गेला. मी औरंगाबादहून पोचले तेव्हा तो दवाखान्यात खाटेवर पडलेला होता आणि अंगावरची चादर एका बाजूला लवकर सपाट झाली होती. मी चादरीकडेच पाहत राहिले. तोच म्हणाला, "ताई, चहा पेली का?"

पुढे एका शिबिरात त्याला पाय मिळाला. वर गुडघ्याखालचा भाग बसेल अशी प्लास्टिकची वाटी, खाली रबराचं पाऊल आणि मधे नुसती नळी. आधी वाटी लागायची, दोन-तीनदा दुरुस्त करून घेतल्यावर बसली. तो चालू लागला, वाफ्यातही उतरू लागला. पण नळीभोवती पॅंट रिकामी. वारा आला की झेंड्यासारखी फडफडायची. बसस्टँडवर लोक चेहऱ्याआधी तिकडे पाहायचे. मायने जुन्या धोतरात घरचाच कापूस भरून नळीला गुंडाळायची एक गादी शिवली. ती चालता चालता घसरायची आणि घोट्यापाशी जमा व्हायची. बाजारात एकाने त्याला विचारलं, "पायाले सूज आली काय गा?"

"हाव," हा म्हणाला. "पाय गेला, सूज राह्यली."

हे सांगताना तो स्वतः हसायचा. पण ती गादी पावसाळ्यात भिजून दगडासारखी जड झाली आणि त्याने ती चुलीमागे फेकून दिली.

एक दिवस तो भाजी घेऊन आमच्याकडे आला. मी कामात होते. चहाचा कप घेऊन तो माझ्यामागे स्टुलावर बसला.

"काय करून राह्यली वं ताई?"

"खुर्चीची पाठ. जराशी आत घेऊन राह्यली."

"आत कशी घेतं?"

मी त्याला दाखवलं. सरफेसच्या वर जाळीसारखे बिंदू तरंगत असतात. एक बिंदू धरून खाली ओढला की त्याच्याखालचा भाग खळीसारखा दबतो, वर ओढला की फुगतो. तो कप हातात धरून पाहत राहिला.

"आन् हे असंच्या असं लोखंडात उतरते?"

"हुबेहूब."

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. मग उठता उठता, सहज म्हणावं तसं म्हणाला, "मंग माह्यी एक पोटरी काऊन नाई करून देत?"

तो गंमत करत होता. मी मात्र त्या रात्री जेवताना यजमानांना म्हणाले, "मी करणार आहे." हे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत. त्यांनी भात कालवायचा थांबवून विचारलं, "माप कशावरून घेशील?"

"उजव्या पायावरून. उजव्याला आरशातला करून डावा."

पुढच्या वेळी भाऊ आला तेव्हा मी बांधणीची मऊ तार आणून ठेवली होती. त्याला खुर्चीवर बसवलं, पॅंट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि खाली बसून तार त्याच्या पोटरीभोवती वळवायला गेले, तर त्याने पाय झटकन मागे ओढला.

"ताई, पायाले हात नोको लावू."

आमच्यात मोठ्या बहिणीने धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो. मी म्हटलं, डॉक्टर लावतात, तसं समज. तरी तो ऐकेना. शेवटी एक तोड निघाली. मी एकदा तार लावली की तो वाकून माझ्या पायाला हात लावायचा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोटभर अंतराने तार वळवत, काढत, आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवत गेले, आणि तेवढ्या वेळा त्याने मला नमस्कार केला. हे दारात उभे राहून हसत होते. शेवटी भाऊही हसायला लागला आणि पोटरी हलायला लागली, तेव्हा दोन मापं पुन्हा घ्यावी लागली.

ती सगळी वेटोळी मी कॉम्प्युटरमध्ये उतरवली, एकावर एक रचली आणि त्यांवरून सरफेस ताणला. छकड्याच्या कमानींवर ताडपत्री ओढतात, तसा. या जातीच्या सरफेसची खोड अशी की प्रत्येक कमान तो इमानाने पाळतो. तार वळवताना जिथे माझा हात हलला होता तिथे तिथे पायाला वळ्या पडल्या. पाय कसला, पडवळ दिसत होतं. मग मी काही वेटोळी काढून टाकली, उरलेल्यांवरचे बिंदू कमी केले. बिंदू कमी केले की आकार शांत होतो, हे मला कामावरून माहीत होतं. तो शांत झालाही. इतका की कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याचा पाय झाला. माझ्या भावाची पोटरी त्यात कुठेच नव्हती.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी कंपनीचं काम आटोपलं की त्या पायाकडे वळायची. त्याच्या पोटरीचा फुगवटा मधोमध नव्हता, आतल्या बाजूला थोडा खाली उतरलेला होता. तो आणायचा तर तिथे बिंदू वाढवायचे. वाढवले की कडेला सुरकुती यायची. ती काढायला गेलं की फुगवटा जायचा. सरफेस नितळ आहे की नाही हे पाहायला स्क्रीनवर त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाकता येतात. पट्ट्या न मोडता वाहिल्या तर सगळं ठीक. मी पट्ट्या पाहायचे आणि मला सायकलवर उभं राहून पायडल दाबणारा भाऊ दिसायचा. त्या वयात मी त्याच्या पायाकडे कधी लक्ष देऊन पाहिलं असेल असं वाटत नाही. पण हात बिंदू सरकवत असताना आठवायला लागलं. नडगीवर एक खाच होती, विळा लागल्याची. ती ठेवायची की नाही यावर मी बराच वेळ घालवला. उजव्या पायाची खूण डाव्यावर ठेवणं खोटं, म्हणून शेवटी काढली.

झालं तेव्हा ते खरोखरच चांगलं झालं होतं. दोन फाका, नळीभोवती दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या, आतून छोट्या स्क्रूने जोडलेल्या. औरंगाबादच्या मालकांनी लाकडात आकार कोरून त्यावरून फायबरमध्ये तो काढून दिला. आमच्या अंगाच्या रंगाच्या जवळ जाणारा रंगही तिथल्या माणसाने मिसळला. पार्सल बसने आलं. मी ते वर्तमानपत्रातून सोडवलं आणि सासूबाई देवघरातून बाहेर येता येता थबकल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

रविवारी आम्ही दोघं ते घेऊन गावी गेलो. माय ओसरीत लसूण सोलत होती. मी तिच्या हातात दिलं. तिने लसणाचे हात लुगड्याला पुसले, ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तान्ह्या लेकराला धरतात तसं छातीशी धरून रडायला लागली. भाऊ विहिरीवरून आला. हे आणि मी मिळून त्याला ते बसवून दिलं. त्याने वर पॅंट घातली. अंगणात एक फेरी मारली, दोन मारल्या. पॅंट दोन्ही बाजूंना सारखी भरली होती. शेजारीपाजारी पाहायला आले. एक म्हातारा म्हणाला, "आता कोणालेच वयखू येत नाई, कोणता कोणता हाये तं."

"मस्त झालं ताई," भाऊ म्हणाला. पण नेहमीसारखं काही पुढे जोडलं नाही त्याने. मी ते थकव्यावर ढकललं.

महिनाभराने गावी गेले तर पोटरी मायच्या खोलीत खुंटीला टांगलेली, वर टॉवेल झाकलेला. भाऊ नुसत्या नळीवर फिरत होता. मला वाईट वाटलं, रागही आला. लागतं का विचारलं. नाही म्हणाला. जड होते का? नाही. मग?

तो फावडं उचलून वाफ्याकडे निघून गेला. चार दिवसांनी भाजी घेऊन बुलढाण्याला आला तेव्हा चहा पुढे ठेवल्यावर म्हणाला, "ताई, राग नोको मानू."

"नाही मानत. सांग."

"रातच्याले काढून खाटेखाली ठेवत होतो ना मी. सकाऊन उठलो का पह्यले तेच दिसे." तो कपाच्या कानाभोवती बोट फिरवत होता. "तो माहा पाय मी पाह्यला हाये एकडाव. त्या दिवशी मशीन बंद करून त्यायनं तो बाहेर काढला, आन् वावराच्या धुऱ्यावर ठेवला. पोतं टाकलं वरून. सगळ्याइले वाटलं मी बेशुद्ध हावो. मी शुद्धीवरच होतो. पोतं लहान होतं."

आत कुकरची शिट्टी झाली, ती मी ऐकली आणि उठले नाही.

"तू लय बराबर बनवला," तो म्हणाला. "तेच तं झालं."

मी इतके दिवस जो फुगवटा परत आणत होते, तो त्याला परत नको होता. मला हे सुचायला हवं होतं असं मी पुढे कितीदा म्हणाले, पण यजमान म्हणतात ते खरं आहे, त्याला स्वतःलाही ते खाटेखाली पाहीपर्यंत माहीत नव्हतं.

"मग राहू दे," मी म्हटलं. "नळीच बरी."

"नाई नाई. पॅंट भरली पाह्यजे." आता त्याच्या आवाजात जरा जीव आला. "पायासारखं नोको. कोणी पाह्यलं तं कयलं पाह्यजे का हे बनवेल हाये. वस्तू पाह्यजे, ताई. सायकलचा मडगार्ड कसा राह्यते, तसं."

मी कॉम्प्युटर चालू केला. तो पुन्हा स्टुलावर, पण या वेळी माझ्या बाजूला. मी जुनी फाइल उघडली आणि तिच्यावरूनच सुरुवात करायला गेले, तर तो म्हणाला, "हे पुसून टाक."

मी पुसलं नाही, दुसऱ्या नावाने नवी फाइल उघडली. या वेळी जात वेगळी घेतली. चार कडा आखायच्या आणि त्यांच्यामध्ये सरफेस आपोआप भरू द्यायचा. बाजेवर गोधडी ताणली की मधला भाग कडा ठरवतात, तसा. इथे मधे बिंदू ओढत बसायचं नसतं. काही बदलायचं तर कड बदलायची. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याला ते लगेच पटलं.

"मंग धुरा हालवला का वावर हालते."

"तसंच. बांध सरकला की शेत सरकतं."

मी माउस त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा तो टेबलावरून घसरून खाली लोंबला. मग जमलं. समोरची कड त्याने सरळ केली, धारेसारखी. मागची बाहेर काढली, मग थोडी आत, मग पुन्हा बाहेर. मी म्हणत होते वरून खाली एकसारखा निमुळता होऊ दे, तो म्हणत होता, "नाई, अठी थोडा रुंद पाह्यजे, नाईतं पॅंट गुडघ्याखाली चिपकते." खरंच चिपकली असती. त्याने खालच्या बाजूला भोकं मागितली. वाफ्यातला चिखल आत गेला तर पाण्याने धुऊन निघाला पाहिजे. मी दोन लांबट खिडक्या कापल्या. कापलेली कड धारदार दिसत होती, ती गोल केली. ते करताना लाइट गेली आणि अर्ध्या तासाचं काम पुसलं गेलं. मी कपाळाला हात लावला, तो मोठ्याने हसला. "बरं झालं, मले ते भोकं वरतं पाह्यजे होते."

तीनचार आठवडे तो भाजी द्यायला आला की बसायचा. आम्ही लहानपणी एकत्र अभ्यास कधी केला नव्हता. मी शाळेत, हा ढोरांमागे किंवा माझ्याहून खालच्या वर्गात मागच्या बाकावर. त्या स्टुलांवर आम्ही पहिल्यांदा एकाच गोष्टीकडे इतका वेळ पाहिलं. माझ्या कंपनीच्या कामात मी शिकले होते की दोन सरफेस जिथे भेटतात तिथे सांधा दिसता कामा नये. इथे पुढची धार आणि बाजूचा गोलवा भेटत होते तिथे मी सवयीने सांधा मिटवला. त्याने तो पुन्हा उघडायला लावला. "दिसू दे ना. काऊन लपवतं?"

रंग कोणता विचारलं तर म्हणाला, "फवारणीच्या पंपासारखा निया."

ती निळी पोटरी आली तेव्हा माय नाराज झाली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे काय, डबा?" पहिलीला तिने कुणाला हात लावू दिला नाही. जुन्या लुगड्यात बांधून आपल्या पेटीत ठेवली. भावाने तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही आणि तिनेही पुन्हा ती त्याच्यासमोर काढली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली. एका ठिकाणाहून निरोपातच नकार आला, दुसऱ्या ठिकाणी चहा झाल्यावर. तिसरं स्थळ देऊळघाटच्या बाजूचं, शेतकरीच घर. पायाचं आधी कळवलेलं होतं. पोहे झाले, पावसाचं बोलणं झालं, मुलीचे काका दोनदा घसा खाकरून गप्प झाले. खोलीत सगळे भावाच्या पॅंटीकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. तेव्हा यानेच वाकून डावी पॅंट गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली.

"हे असं हाये," तो म्हणाला. "पाहून घ्या. मंग कोणाले वाटाले नोको."

निळा रंग त्या सारवलेल्या खोलीत भलताच उठून दिसत होता. काका पाहत राहिले. मुलगी आईच्या मागे दाराशी उभी होती. ती मान खाली घालून उभी राहील असं आम्हाला वाटत होतं, पण ती दोन पावलं पुढे आली आणि तिने थेट त्यालाच विचारलं, "वल्लं झालं तं चालते काय?"

"चालते," भाऊ म्हणाला. "खाली भोकं हायेत. पाणी निंघून जाते."

"वाफ्यात उतरता येते?"

"रोज उतरतो."

तिने मान हलवली आणि आत गेली. परतताना बसमध्ये माय म्हणाली, "पोट्टी तोंडाची दिसते." भाऊ खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "दिसू दे." वैशाखात लग्न झालं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मधे त्याला नवा, हलका पाय मिळाला, त्याची नळी जाड होती, म्हणून निळी पोटरी बसेना. मी जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर सरफेस सांध्यासांध्यातून सुटलेले, मधे फटी पडलेल्या. एकेक कड जुळवत मी ते पुन्हा शिवले, आतून रुंद केले आणि नवी करून दिली. या वेळी वहिनीने शेजारी बसून सांगितलं की वरची कड पॅंट फाडते, ती अजून गोल पाहिजे. तीही केली.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. भाऊ वांग्याच्या वाफ्यात पाणी फिरवत होता, हाफ पॅंटवर, नुसत्या नळीवर. रस्त्याने जाणारे त्याला हाका मारत होते, तो उत्तरं देत होता, पायाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी बांधावरून विचारलं, "निळी कुठे रे?"

"घरी हाये. लग्नाबिग्नाले घालतो."

"रोज काऊन नाई घालत?"

त्याने फावड्याने बारं फोडलं, पाणी पुढच्या सरीत गेलं ते पाहिलं आणि म्हणाला, "गरम होते ना वं."